दोउरोकाठची फेरेरिन्या

पोर्तुगालच्या उत्तर भागात, दोउरो नदी अटलांटिक महासागराला मिळते तेथे पोर्तो हे प्राचीन शहर वसलेले आहे. उजव्या तीरावर टेकडीच्या अंगाने एकावर एक रचल्यासारखी घरे आणि अरुंद गल्ल्या. समोरच्या तीरावर व्हिला नोव्हा द गाया या गावातल्या लांबच लांब कौलारू वखारी. दोन्ही तीरांना जोडणारा दोन मजली लोखंडी पूल १८८६ साली पुरा झाला. या शहरावरूनच पोर्ट या जगप्रसिद्ध मद्याला नाव मिळाले. गंमत अशी की, या मद्याची द्राक्षे पोर्तोच्या आसपास पिकत नाहीत. ती पिकतात नदीने सुमारे शंभर किलोमीटर वर, उन्हाने भाजून निघणाऱ्या पाटीच्या दगडाच्या डोंगरांत. मद्य मुरते तेही पलीकडच्या गायात, कारण समुद्राच्या ओलसर गार हवेत पिंपांतला माल सावकाश मुरतो.

महाविद्यालयाच्या अंकात मद्याचा विषय कशाला, असे गुरुजनांपैकी कोणाच्या मनात येईल. पण मला सांगायचे आहे ते शेतीविषयी आणि एका शेतकरी बाईविषयी. गायातल्या वखारींवर सँडमन, टेलर, ग्रॅहम, कॉकबर्न अशी इंग्रजी नावे पुष्कळ दिसतात. १७०३ च्या तहानंतर पोर्तुगीज मद्यावर इंग्लंडमध्ये जकात कमी बसू लागली आणि हा व्यापार बव्हंशी इंग्रजांच्या हाती गेला. त्या गर्दीत फेरेरा हे एक पोर्तुगीज नाव टिकून आहे, आणि ते टिकवण्याचे श्रेय दोना आंतोनिया आदेलाइद फेरेरा या स्त्रीकडे जाते. दोना म्हणजे आपल्याकडील बाईसाहेब. दोउरो खोऱ्यातील लोक मात्र त्यांना मायेने फेरेरिन्या, म्हणजे धाकटी फेरेरा, असे म्हणत.

आंतोनियांचा जन्म ४ जुलै १८११ रोजी पेसो दा रेग्वा या नदीकाठच्या गावाजवळ झाला. घरचे लोक पिढीजात द्राक्षबागायतदार. त्यांच्या तरुणपणी देशात दोन राजबंधूंचे यादवी युद्ध पेटले. १८३२-३३ मध्ये पोर्तो शहराला वर्षभर वेढा पडला होता आणि माघार घेणाऱ्या सैन्याने गायातील मद्याच्या वखारींना आग लावली. १८३४ साली युद्ध संपले आणि त्याच वर्षी आंतोनियांचे लग्न सख्ख्या चुलतभावाशी, आंतोनियो बेर्नार्दो याच्याशी झाले. घरची जमीन घरातच राहावी हा त्यामागचा हेतू उघड आहे. पती मोठा शौकीन होता. त्याला बागांपेक्षा शहरातील थाटमाटाची ओढ अधिक. १८४४ साली तो वारला तेव्हा आंतोनिया ३३ वर्षांच्या होत्या. पदरी एक मुलगा आणि एक मुलगी.

अशा वेळी काय होते ते कोणत्याही देशात सारखेच असावे. दीर, मामा, मुनीम असे कोणीतरी पुढे येते, कागद त्याच्या हाती जातात आणि बाई माजघरात जाते. आंतोनिया माजघरात गेल्या नाहीत. त्यांनी हिशेब हाती घेतले आणि त्या बागांतून स्वतः फिरू लागल्या. त्यांच्या सासऱ्यांनी व्हेझुव्हिओ नावाची प्रचंड बाग उभी केली होती. शेकडो मजुरांनी वर्षानुवर्षे खपून डोंगर फोडला होता आणि चुना न वापरता दगडी ताली रचून त्यांवर वेली लावल्या होत्या. हे सारे चालवणे सोपे नव्हते. द्राक्षे तोडली की ती पाट्यांतून डोक्या-पाठीवर खाली आणायची, ग्रॅनाइटच्या हौदांत माणसांनी रांगेने उभे राहून तासन्तास पायांनी तुडवायची, रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षांचीच कडक दारू ओतून आंबणे थांबवायचे. त्यामुळे गोडी राहते आणि माल टिकतो. मग सुमारे ५५० लिटरची एकेक पिंपे सपाट तळाच्या, एका चौकोनी शिडाच्या होडीत घालून खडकाळ नदीतून गायापर्यंत न्यायची. या होड्यांना राबेलो म्हणतात. मागे एक अजस्र लांब वल्हे असते, तेच सुकाणू.

संपत्ती असली की तिच्यावर नजरही असते. १८५४ च्या सुमारास देशाचे पंतप्रधान असलेल्या सालदान्याच्या ड्यूकने आपल्या मुलासाठी आंतोनियांच्या मुलीला मागणी घातली. मुलगी अकरा-बारा वर्षांची होती! आंतोनियांनी नकार दिला. ड्यूकची माणसे मुलीला पळवून न्यायला आली असे सांगतात, आणि आई मुलीला घेऊन वेषांतर करून स्पेनमार्गे लंडनला निघून गेली. राज्याच्या सर्वांत बलाढ्य माणसाला नाही म्हणणे एकवेळ जमेल, पण त्यासाठी घरदार, बागा, वखारी मागे टाकून जायचे म्हणजे छातीच हवी. १८५६ साली त्यांनी दुसरे लग्न केले, तेही आपल्याच मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या फ्रान्सिस्को जुझे दा सिल्वा तोरेस यांच्याशी. त्याच १८५६ साली आपल्याकडे विधवाविवाहाचा कायदा झाला. तेथे कायद्याची आडकाठी नव्हती, तरी एका धनाढ्य विधवेने आपल्या कारभाऱ्याशी लग्न करावे हे त्या समाजालाही सहज पचले नसणार.

आता १२ मे १८६१ चा प्रसंग. जोसेफ जेम्स फॉरेस्टर नावाचा इंग्रज व्यापारी या नदीचा वेडा होता. त्याने दोउरोचे बारकाईने नकाशे केले होते आणि पोर्तुगालने त्याला बॅरन केले होते. पोर्टमध्ये कडक दारू ओतण्याच्या प्रथेवर त्याने १८४४ साली जाहीर टीका केली होती, त्यामुळे स्वतःच्या व्यापारी बांधवांत तो अप्रिय होता. हा फॉरेस्टर आणि दोना आंतोनिया इतर मंडळींबरोबर व्हेझुव्हिओहून होडीने खाली निघाले. वाटेत व्हालेइराची खिंड लागते. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधे उसळणारा प्रवाह. होडी उलटली. आंतोनियांचा त्या काळच्या पद्धतीचा घेरदार, फुगीर घागरा पाण्यावर तरंगला आणि त्या काठाला लागल्या. फॉरेस्टर बुडाला आणि त्याचे प्रेत कधीच सापडले नाही. कमरेच्या पट्ट्यात सोन्याची नाणी होती, त्या वजनाने तो तळाला गेला अशी दंतकथा आहे. ज्याने नदीचा खडक न् खडक कागदावर उतरवला त्यालाच नदीने नेले. १९७६ साली तेथे धरण झाले आणि ती खिंड आता शांत आहे.

पण याहून मोठे संकट पाण्यातून आले नाही, मुळातून आले. फिलोक्सेरा नावाचा माव्यासारखा बारीक किडा अमेरिकेतून युरोपात आला आणि १८६० च्या दशकात दोउरोत पोचला. तो वेलींची मुळे शोषतो. फवारून मरत नाही, दिसतही नाही. वेल वाळू लागते तेव्हा कळते. बागाच्या बागा जळाल्यासारख्या झाल्या. अनेक कुटुंबे गावे सोडून गेली. ओसाड पडलेल्या त्या ताली आजही डोंगरांवर दिसतात आणि तिकडचे लोक त्यांना मेलेल्या बागा म्हणतात. शेवटी उपाय सापडला तो कलमाचा. अमेरिकन वेलीच्या मुळांना हा किडा मारू शकत नाही, म्हणून अमेरिकन खुंट लावायचा आणि त्यावर आपल्या जातीची काडी बांधायची. आपल्या नाशिक-सांगलीकडचे बागायतदारही खुंटावरच कलम करतात, पण कारण निराळे : खारे पाणी आणि पाण्याची टंचाई.

या काळात आंतोनिया हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. कलमांची माहिती मिळवून त्यांनी बागा पुन्हा लावल्या, मजुरांना काम दिले. त्याआधी बाजार कोसळला होता तेव्हा त्यांनी लहान शेतकऱ्यांचा माल विकत घेतला होता. रेग्वा आणि परिसरातील रुग्णालयांना त्यांनी सढळ हाताने मदत केली. त्यांना सरदारकी देऊ केली होती आणि ती त्यांनी नाकारली, असेही सांगतात.

येथे माझ्या मनात एक प्रश्न येतो, आणि तो दडवणे मला प्रामाणिक वाटत नाही. जो माल त्यांनी पडत्या भावाने घेतला, तोच किड्यामुळे टंचाई झाल्यावर चढ्या भावाने विकला गेला. मोडलेल्या लोकांच्या जमिनीही त्यांनी घेतल्या, आणि अखेरीस वीसहून अधिक बागा त्यांच्या नावावर होत्या. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या घरी अजून निघतात. वाईट वर्षी जमीन कोणाकडून कोणाकडे जाते हे आमच्यासारख्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. मग याला दया म्हणायचे की व्यापार? मला वाटते, दोन्ही एकाच हाताने घडले. फरक एवढाच की, घेतलेली जमीन त्यांनी पडू दिली नाही. ज्याची बाग गेली त्याला निदान त्याच तालीवर मजुरी मिळाली. ही गोष्ट लहान नाही, पण बाग गेली ती गेलीच. त्यांच्या दातृत्वाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य सहसा लिहिलेले नसते.

त्यांच्या चरित्रात मला सर्वांत भावते ते त्यांचे म्हातारपण. १८७७ साली, वयाच्या ६६ व्या वर्षी, खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला फोझ कोआ नगरपालिकेकडून त्यांनी सुमारे ३०० हेक्टर पडीक रान विकत घेतले. तेथे रस्ता नाही, वस्ती नाही. १८८० मध्ये दुसरे पतीही वारले. तरी काम थांबले नाही. १८८७ मध्ये आगगाडी जवळच्या पोसिन्योपर्यंत आली आणि त्या रानात व्हाले मेआओ ही बाग उभी राहिली. नव्या वेलीला पहिला धड घड यायला तीन-चार वर्षे लागतात, आणि चांगले मद्य मुरायला दहा-वीस. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई हे गणित जाणून होती.

२६ मार्च १८९६ रोजी रेग्वा येथे त्यांचे निधन झाले. पुढे मालमत्ता वारसांत वाटली गेली. १९५२ साली व्हाले मेआओच्याच द्राक्षांपासून बार्का व्हेल्या हे मद्य प्रथम तयार झाले, जे आज पोर्तुगालच्या सर्वांत नामांकित मद्यांत गणले जाते. फेरेरा पेढी १९८७ मध्ये सोग्रापे या पोर्तुगीज कंपनीने विकत घेतली आणि दोन वर्षांनी व्हेझुव्हिओ बाग सिमिंग्टन या मूळच्या स्कॉटिश घराण्याकडे गेली.

पोर्तोच्या धक्क्यावरून पाहिले तर पलीकडे गायाच्या काठाला जुन्या धर्तीच्या राबेलो होड्या बांधलेल्या दिसतात. त्यांवर पिंपेही असतात, पण ती रिकामी. माल आता रस्त्याने येतो. दरवर्षी २४ जूनला, संत जॉनच्या सणाला, या होड्यांची शर्यत लागते. चौकोनी शिडे फुगतात आणि त्यांवर पेढ्यांची नावे मोठ्या अक्षरांत असतात. त्यांतल्या एका शिडावर फेरेरा असे लिहिलेले असते.