नगरपिते फिरोजशहा मेहता

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी हे तालुक्याचे गाव चौंडेश्वरी देवीच्या मंदिरामुळे आसपासच्या मुलखात सर्वपरिचित आहे. या गावाचा कारभार आता नगरपंचायत पाहते. गावाचे १७ प्रभाग पाडलेले असून प्रत्येक प्रभागातील मतदार आपला एक प्रतिनिधी निवडून देतात. हे नगरसेवक सभेत एकत्र बसतात आणि नळाचे पाणी, गटारे, दिवाबत्ती, रस्ते यांवर किती पैसा खर्च करावयाचा ते ठरवतात. ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ती पूर्वापार अशीच चालत आली असावी, असे कोणासही वाटेल. परंतु गावाचा पैसा कसा खर्च व्हावा हे गावकऱ्यांनी निवडलेल्या माणसांनी ठरवावे, ही कल्पना दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे अगदी नवी होती. मुंबईसारख्या मोठ्या शहरातील लोकांनाही तो हक्क नव्हता. तो मिळावा म्हणून, आणि मिळाल्यावर तो अबाधित राहावा म्हणून, ज्यांनी आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे वेचली, ते सर फिरोजशहा मेहता होत.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील मेहरवानजी हे व्यापारी होते. १८६४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाल्यावर फिरोजशहा कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. एका धनिक पारशी गृहस्थाने त्यांच्या शिक्षणासाठी मोठे साहाय्य देऊ केले होते. पण त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. ते गृहस्थही त्यात सापडले. मदत आटली, तरी मुलाचे शिक्षण थांबले नाही. लंडनमध्ये फिरोजशहांना दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले.

त्या वेळी मुंबईचा कारभार १८६५ च्या कायद्याने चालत असे. शहराची सर्व कामे आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती होती. त्याच्यावर देखरेख करण्यासाठी ‘जस्टिस’ या पदवीच्या प्रतिष्ठित नागरिकांची एक सभा होती. परंतु या जस्टिसांना लोकांनी निवडलेले नव्हते. सरकारने त्यांची नेमणूक केलेली असे. क्रॉफर्ड हा कर्तबगार अधिकारी होता. त्याने घाणेरडे रस्ते स्वच्छ केले, गटारे सुधारली, प्रशस्त मंडई उभारली. मात्र हे सारे करताना त्याने पैशाचा मेळ ठेवला नाही. खर्च वाढत गेला, कर वाढत गेले आणि १८७१ साली करदात्यांचा संताप अनावर झाला. कमिशनरचे पद नाहीसे करावे आणि एका समितीने कारभार चालवावा, अशी हाकाटी सुरू झाली.

त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी आपला निबंध वाचला. लोकांना जे ऐकावयाचे होते ते त्यात नव्हते. क्रॉफर्डने शहरासाठी केलेल्या कामाचे त्यांनी मोकळेपणाने कौतुक केले. दोष एकट्या अधिकाऱ्याचा नाही; ज्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवावयाचे ते कोणासच जबाबदार नव्हते, हे खरे दुखणे आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मग उपाय कोणता? काम करणारा अधिकारी एकच असावा, पण पैशाच्या चाव्या लोकांनी निवडलेल्या सभेच्या हाती असाव्यात.

ही योजना भंडाऱ्याकडील मुलांना सहज समजेल. धानाच्या बांध्यांना तलावाचे पाणी सोडावयाचे असते, तेव्हा तुडुंबाशी दहा जणांनी हात घालून चालत नाही. पाणी सोडणारा माणूस एकच लागतो. पण कोणाच्या बांधीस केव्हा आणि किती पाणी, हे त्या एकट्याच्या मर्जीवर सोडले, तर शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचेलच अशी खात्री देता येत नाही. ते सर्व शेतकऱ्यांनी बसून ठरवावे लागते. फिरोजशहांचे म्हणणे याहून निराळे नव्हते.

श्रोत्यांना मात्र ते रुचले नाही. सभागृहात निषेधाचे आवाज उठले. लोकांचा कैवार घेऊ इच्छिणाऱ्या तरुणाने पहिल्याच मोठ्या प्रसंगी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. तरीही त्यांनी आपले मत बदलले नाही. पुढच्याच वर्षी, १८७२ साली, मुंबईसाठी नवा कायदा झाला, आणि त्यात कमिशनरचे पद कायम ठेवून त्याच्यावर निवडलेल्या सदस्यांची सभा नेमण्यात आली. ६४ सदस्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडावयाचे, १६ जस्टिसांनी निवडावयाचे आणि उरलेले १६ सरकारने नेमावयाचे, अशी वाटणी होती. मताचा हक्क ठराविक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांनाच होता. त्यामुळे १८७२ च्या शिरगणतीप्रमाणे शहराची वस्ती ६ लक्ष ४४ हजारांच्या घरात असूनही मतदार मूठभरच होते. गिरणीत राबणाऱ्या मजुराला मत नव्हते. सर्व प्रौढ नागरिकांच्या मताने मुंबई महापालिकेची निवडणूक होण्यास १९४८ साल उजाडावे लागले. तरीही बंद दार किलकिले झाले होते.

नवी महापालिका १८७३ साली भरली आणि फिरोजशहा तिचे सदस्य झाले. त्या दिवसापासून महापालिका हे त्यांचे दुसरे घर बनले. वकिलीत त्यांचा चांगला जम बसला होता. तरी सभेपुढे येणाऱ्या कागदांचा ते बारकाईने अभ्यास करीत. अंदाजपत्रकातील आकडा असो वा कायद्यातील कलम, ते त्यांना मुखोद्गत असे. त्यांच्या या तयारीमुळे अधिकारीही सभेत येताना कागदपत्रे नीट पाहून येत.

नगरसेवकाचे बळ कशात असते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. एकट्या नगरसेवकाला झाडूवाल्यालाही हुकूम सोडण्याचा अधिकार नसतो. त्याचा अधिकार सभेत असतो. तेथे तो प्रश्न विचारू शकतो, हिशेब मागू शकतो, खर्चास नकार देऊ शकतो, कराचा दर ठरवू शकतो. ठराव झाला की तो अमलात आणण्याचे काम अधिकाऱ्याचे. त्यात रोज ढवळाढवळ करणे नगरसेवकास शोभत नाही. फिरोजशहा अधिकाऱ्यांवर कडाडून टीका करीत. पण चांगले काम करणाऱ्याच्या पाठीशीही ते तितक्याच ठामपणे उभे राहत.

१८८४ आणि १८८५ अशी दोन वर्षे ते महापालिकेचे अध्यक्ष होते. १८८४ सालीच लॉर्ड रिपन यांच्या हस्ते महापालिकेच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. याच रिपन यांनी १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव काढून देशभरातील गावांना आणि शहरांना आपला कारभार पाहण्याची वाट मोकळी केली होती. त्या वेळी मध्यप्रांतात असलेल्या भंडारा जिल्ह्यालाही १८८३ च्या कायद्याने तिचा लाभ झाला.

यानंतर आला तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचा प्रसंग. १८८७ साली मुंबई महापालिकेसाठी नव्या कायद्याचा मसुदा सरकारने पुढे मांडला. त्यातील काही कलमांमुळे कमिशनरचे हात बळकट होऊन महापालिकेचे अधिकार आकुंचित होण्याचा धोका होता. फिरोजशहा आणि त्यांचे विद्वान मित्र काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळात होते. दोघांनी एकेक कलम तपासले, वाद घातला, दुरुस्त्या सुचवल्या. अखेर १८८८ चा जो कायदा झाला, त्यात महापालिकेची सभा, स्थायी समिती आणि कमिशनर या तिघांची कामे स्पष्ट नेमून दिलेली होती. सदस्यांची संख्या ७२ झाली. कमिशनरची नेमणूक सरकार करणार होते; पण ७२ पैकी ४५ सदस्यांनी त्याच्याविरुद्ध मत दिले, तर त्याला दूर करणे सरकारला भाग होते. महापालिकेच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध असेल त्याला सदस्य होता येत नसे. पुष्कळ दुरुस्त्या होऊनही मुंबईचा कारभार आजतागायत याच कायद्याच्या पायावर उभा आहे.

या काळात शहर झपाट्याने वाढत होते. विहार आणि तुळशी या तलावांचे पाणी अपुरे पडू लागले, तेव्हा महापालिकेने तानसा नदीचे पाणी मुंबईत आणले. १८९२ साली ते शहरास मिळू लागले. दुसरीकडे पोलिसांच्या खर्चाचा वाद वर्षानुवर्षे चालू होता. पोलिसांवर सत्ता सरकारची. मग त्यांचा खर्च करदात्यांनी का सोसावा, असा फिरोजशहांचा रोखठोक सवाल होता. अखेर १९०७ साली कायदा होऊन तो भार सरकारने उचलला आणि त्याऐवजी प्राथमिक शिक्षण, रोग्यांची शुश्रूषा यांसारखी कामे महापालिकेकडे आली. ज्या पैशातून शिपायांचे पगार होत, तो शाळांच्या कामी येऊ लागला!

१८९० साली कलकत्त्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, पुढे ‘सर’ ही पदवी मिळाली, १९०५ साली ते पुन्हा महापालिकेचे अध्यक्ष झाले. लोक त्यांना मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणू लागले. राजा म्हटला की शत्रूही आलेच. महापालिकेत एकाच माणसाच्या इच्छेप्रमाणे सारे चालते, असा आक्षेप विरोधक घेऊ लागले. तो अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. फिरोजशहांचा आवाज भारदस्त होता, स्वभाव करारी होता, आणि त्यांच्यापुढे उभे राहून विरोध करण्याची छाती थोड्यांनाच होत असे.

१९०७ साली काही बड्या युरोपियन अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी त्यांना महापालिकेबाहेर काढण्याचा चंग बांधला. जस्टिसांनी निवडावयाच्या १६ जागांसाठी त्यांनी १६ नावांची यादी तयार केली आणि ती एकमताने निवडून आणण्याची खटपट केली. मतमोजणी झाली. फिरोजशहांचा क्रमांक सतरावा लागला! जो माणूस चौतीस वर्षे महापालिकेचा कणा होता, तो एका क्रमांकाने बाहेर पडला. मुंबईत प्रचंड खळबळ उडाली. सरकारी अधिकाऱ्यांनी अशा रीतीने निवडणुकीत हात घालावा, याचा निषेध करण्यासाठी लोक हजारोंनी जमले. फिरोजशहांनी मात्र कायद्याचा मार्ग धरला. प्रकरण न्यायालयात गेले. निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड रद्द ठरली आणि ती जागा सतराव्या क्रमांकाकडे आली. ज्या कायद्याची कलमे त्यांनी वीस वर्षांपूर्वी तासून घासून तयार केली होती, त्याच कायद्याने त्यांना पुन्हा सभागृहात आणून बसवले.

त्यानंतरही ते थांबले नाहीत. १९१३ साली त्यांनी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे वृत्तपत्र सुरू केले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

बोरीबंदर स्थानकासमोर महापालिकेची भव्य इमारत आहे. तिची कोनशिला बसली त्या वर्षी फिरोजशहा अध्यक्ष होते, आणि १८९३ साली ती पुरी झाल्यानंतर बावीस वर्षे त्यांचा आवाज तिच्या सभागृहात घुमला. १९२३ साली त्या इमारतीच्या दारासमोर त्यांचा पुतळा बसवण्यात आला. सभेला जाणाऱ्या नगरसेवकांना त्याच्यावरूनच आत जावे लागते.