एक तृतीयांश : शेक एक्स्ली नावाच्या मास्तरांची गोष्ट

सुरुवात स्वतःच्या मूर्खपणापासून करतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही हॉस्टेलचे पाच जण एका गडावर गेलो होतो. वरच्या भुयारात शिरलो तेव्हा पाच जणांत मिळून एक बॅटरी, आणि तीही मोबाईलची. दोन वळणं झाली आणि मोबाईल बंद पडला. भिंत चाचपत, एकमेकांचे शर्ट धरून बाहेर यायला अर्धा तास लागला. बाहेर आल्यावर सगळे खूप हसले. मी पण हसलो. पण रात्री झोप लागली नाही हे खरं.

पुढे वर्गात पंपांवर बोलता बोलता सरांनी थायलंडच्या थाम लुआंग गुहेचा विषय काढला. 2018 मध्ये तिथे बारा मुलं आणि त्यांचे कोच अडकले होते. पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनीही मदत केली होती. पण मुलांपर्यंत आधी पोचले ते गुहेत डायव्हिंग करणारे लोक, हातात दोरी घेऊन. ही दोरीची शिस्त आली कुठून, हे शोधता शोधता मला एक नाव सापडलं : शेक एक्स्ली.

शेक एक्स्लींचा जन्म 1 एप्रिल 1949 चा, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिलचा. फ्लोरिडाच्या पोटात चुनखडीचा खडक आहे. पाण्याने तो विरघळून आत मैलोन्‌मैल बोगदे तयार झालेत. वरून दिसतो फक्त एक निळाशार झरा. 1965 मध्ये, सोळाव्या वर्षी त्यांनी डायव्हिंग सुरू केलं आणि लवकरच पहिल्यांदा पाण्याखालच्या गुहेत शिरले. मग सुटका नाहीच! वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांच्या नावावर गुहेतल्या एक हजार डाइव्ह होत्या. हा आकडा गाठणारे ते जगातले पहिलेच.

आणि पोटापाण्याचा धंदा काय, तर शाळामास्तर! लाइव्ह ओक नावाच्या छोट्या गावात हायस्कूलच्या पोरांना ते गणित शिकवायचे. सोमवार ते शुक्रवार फळा आणि खडू, शनिवार-रविवार गुहा.

त्या काळी फ्लोरिडाच्या झऱ्यांत माणसं बुडून मरायची. बरेचदा चांगले पोहणारे आणि समुद्रात मुरलेले डायव्हर. समुद्रात काही बिघडलं तर वर जाता येतं. गुहेत वर छत असतं. तळाचा गाळ एका लाथेने उसळला की हातावरचं घड्याळ दिसत नाही. आत अडकलेल्यांची प्रेतं बाहेर काढायला कुणीतरी जावंच लागायचं, आणि ते काम अनेकदा एक्स्लींकडे यायचं.

1971 साली बहामामध्ये खोलीचा विक्रम करायला तिघे जण साध्या हवेवर खाली गेले. एक्स्ली सुरक्षेसाठी वर थांबले होते. तिघांपैकी दोघे परतेनात, तेव्हा ते त्यांच्यामागे 120 मीटरच्याही खाली गेले. इतक्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो. शुद्ध जायची वेळ आली तेव्हा त्यांना माघारी फिरावं लागलं. ते दोघे गेलेच.

दुसरा कुणी असता तर त्याने हा नाद सोडला असता. एक्स्लींनी मास्तरकी केली. झालेले अपघात गोळा केले, एकेक तपासला, आणि नेमकं काय चुकलं ते लिहून काढलं. 1979 मध्ये त्यांचं छोटंसं पुस्तक आलं : ‘बेसिक केव्ह डायव्हिंग, अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’. प्रत्येक धड्यात एक खराखुरा अपघात, आणि त्याच्यामागे नियम. बहुतेक मृत्यू तीनच चुकांत बसत होते : बाहेरपर्यंत सलग दोरी नव्हती, परतीसाठी पुरेसा गॅस राखला नव्हता, किंवा झेपेल त्याहून खोल गेले होते. पुढे यात प्रशिक्षण आणि दिवे यांची भर पडली. दिवे किती, तर माणशी किमान तीन! (आम्ही पाच जणांत एक.)

गॅसचा नियम तर आपल्या फॅक्टर ऑफ सेफ्टीचा सख्खा भाऊ आहे. एक तृतीयांश गॅस आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला, एक तृतीयांश राखीव. मला आधी वाटलं, इतका कशाला? मग कागदावर मांडलं. समजा सगळ्यात आतल्या टोकाला साथीदाराचा गॅस गेला. माझ्याकडे उरलेत दोन भाग, आणि बाहेर यायला दोघांना एकेक भाग हवा. हिशेब बरोबर शून्यावर येतो! म्हणजे तो राखीव भाग माझा नाहीच, तो सोबत्याचा आहे. घाबरून दोघे जोरात श्वास घेणार, म्हणून शहाणे लोक त्याहून जास्त राखतात. हे कळलं तेव्हा या माणसाबद्दल आदर वाटला.

आता गोष्टीची दुसरी बाजू. जगाला खोलीची मर्यादा सांगणारा हा माणूस स्वतः मात्र खोल खोल जात राहिला. अर्थात तयारीनिशी. दर दहा मीटरला दाब साधारण एक अॅटमॉस्फियर वाढतो. म्हणून हवेऐवजी हेलियम मिसळलेले गॅस, आणि वर येताना टप्प्याटप्प्यावर थांबून तासन्‌तास वाट पाहणं. 1989 मध्ये मेक्सिकोतल्या नासिमिएंतो मांते झऱ्यात ते 264 मीटर खाली गेले. तिथे दाब सुमारे 27 पट. खाली जायला मिनिटं लागतात, परत यायला दहा तासांहून जास्त. 1993 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्सगाटमध्येही ते जवळपास तेवढेच खोल गेले. तिथे त्या दाबाने अंगाला कंप सुटला आणि नजर बिघडली. तरी ते सुखरूप वर आले.

6 एप्रिल 1994. मेक्सिकोतली साकातोन नावाची नैसर्गिक विहीर. एक्स्ली आणि जिम बोडेन दोन वेगवेगळ्या दोऱ्यांवरून एकाच वेळी खाली निघाले. 1000 फूट गाठायचे होते. गॅस कमी पडतोय हे पाहून बोडेन सुमारे 282 मीटरवरून फिरले आणि वाचले. एक्स्ली आलेच नाहीत. तीन दिवसांनी खालचं सामान दोरीने वर ओढलं तेव्हा त्यांचा देह वर आला, दोरी अंगाला गुंडाळलेली. वय 45. नेमकं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

2007 मध्ये नासाच्या पैशातून बनलेल्या डेप्थ-एक्स या रोबोने साकातोनचा तळ मोजला. पाणी 300 मीटरहून खोल निघालं. जे काम शेवटी यंत्राने केलं, त्यासाठी माणसाने जीव द्यावा का? आमच्या रूममध्ये यावर रात्री दोनपर्यंत भांडण झालं. एक म्हणाला, नियम करणाराच मेला, मग नियमांचा उपयोग काय? मला तसं वाटत नाही. नियम मरण शून्यावर आणत नाहीत, शक्यता कमी करतात. एक्स्ली गेले ते नकाशाच्या अगदी कडेला, जिथे अजून नियम लिहिलेच गेले नव्हते. पण कडेच्या अलीकडे त्यांच्या दोरीला धरून आज कितीतरी जण रोज घरी परततात.

आणि आमच्यासारखे? आम्ही तर घराच्या अंगणातच बुडायला निघालो होतो. वर्कशॉपमध्ये गॉगल न घालणं, गाडीवर हेल्मेट हँडलला लटकवणं, मशीन बंद न करता हात घालणं... ही काही साकातोन नव्हे. यांचे नियम कधीच लिहून झालेत, कुणाच्या तरी जिवाची किंमत देऊन.

परवा पुन्हा त्याच गडावर जायचं ठरलंय. यावेळी पंधरा बॅटऱ्या आणि एक लांब दोरी. हॉस्टेलवर सगळे हसतायत. हसू देत!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी