धूळ उजेडात आणणारा शास्त्रज्ञ : जॉन टिंडल

कौलांच्या फटीतून आलेल्या कवडशात तरंगणारी धूळ आपण सर्वांनी पाहिली आहे. या साध्या दृश्यावरून हवेची स्वच्छता कशी पारखावी, हे जॉन टिंडल यांनी शिकवले. हवेतील पीएम २.५ कण मोजणारी आजची लहान यंत्रे याच तत्त्वावर चालतात. म्हणून त्यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यात झाला. वडील पोलिसात होते, परिस्थिती बेताचीच. तरुणपणी त्यांनी जमीन मोजणीचे व रेल्वेमार्ग आखणीचे काम केले, मग शाळेत शिकवले. १८४८ मध्ये ते जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात गेले व १८५० मध्ये डॉक्टरेट मिळवली. १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते प्राध्यापक झाले. थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे तेथे त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते.

पुढे एका प्रयोगासाठी त्यांना धूळरहित हवा हवी होती. सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशमधून हवा नेली, तरी प्रकाशाच्या झोतात कण चमकतच राहिले. हवा ज्योतीवरून नेल्यावर मात्र कण जळाले आणि झोतच दिसेनासा झाला. झोत दिसतो तो कणांमुळे, हे त्यांनी ओळखले.

१८७५ च्या सुमारास त्यांनी काचेची खिडक्या असलेली बंद पेटी बनवली. आतून ग्लिसरीन लावले, म्हणजे खाली बसलेली धूळ तेथेच चिकटावी. काही दिवसांनी पेटीतला झोत अदृश्य झाला. अशा हवेत उकळलेला रस्सा महिनोन् महिने नासला नाही. पण नंतर तेच प्रयोग फसू लागले. वाळलेल्या गवतातून आलेले चिवट बीजाणू प्रयोगशाळेतच पसरले होते. टिंडल यांनी सामान क्यू येथील स्वच्छ प्रयोगशाळेत हलवले आणि थांबून थांबून पुन्हा पुन्हा तापवण्याची निर्जंतुकीकरणाची पद्धत १८७७ मध्ये मांडली. ४ डिसेंबर १८९३ रोजी, औषध चुकून जास्त दिले गेल्याने, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्यातून आम्हाला एक गोष्ट पटते : धूळ मोजणाऱ्याने आधी आपले साधन स्वच्छ आहे का, ते पाहावे. आजच्या यंत्रात छोटा पंखा हवा ओढतो, लेसरचा झोत कणांवर पडतो आणि विखुरलेला प्रकाश मोजला जातो. पण तीच धूळ भिंगावर व पंख्यावर बसते, तोंडाशी कोळी जाळे विणतो, धुक्याचे थेंबही कण म्हणून मोजले जातात. मग आकडा चुकतो. दम्याचा त्रास असलेले मूल त्या आकड्यावर विसंबून मैदानात उतरले, तर चूक त्याच्या छातीला भोवते.

म्हणून यंत्र पावसापासून आडोशाला ठेवावे, तोंडाची जाळी वरचेवर साफ करावी. आतील धूळ यंत्र बंद करून, कोरड्या हवेच्या हलक्या फुंकाऱ्याने काढावी, ओले फडके लावू नये. गाळलेली स्वच्छ हवा देऊन आकडा शून्याजवळ येतो का ते पाहावे, आणि अधूनमधून खात्रीच्या यंत्राशेजारी ठेवून दोन्हींचे आकडे ताडून घ्यावेत. टिंडल यांनीही धूळरहित हवा आधी मिळवली, मगच धुळीविषयी ठामपणे सांगितले.