देवळालीचे कापरेकर मास्तर, ६१७४ चा खेळ आणि तुमचा चार आकडी पिन

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा आणि कुठलाही चार आकडी नंबर घ्या. अटी दोनच. चारही आकडे सारखे नकोत, म्हणजे ११११ किंवा ७७७७ चालणार नाही. आणि स्वतःचा एटीएमचा पिन तर अजिबात घेऊ नका, शेजारी कोण बघत असेल सांगता येत नाही.

समजा, १९९८ घेतला. यातले आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावले की होतात ९९८१. लहानाकडून मोठ्याकडे लावले की १८९९. आता मोठ्यातून लहान वजा करायचा. उत्तर येतं ८०८२. या उत्तराचंही तेच करायचं. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. परत एकदा, ८५३२ वजा २३५८. उत्तर ६१७४.

अजून एकदा करून बघा. ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. गाडी इथून पुढे हलतच नाही.

दुसरा कुठलाही नंबर घ्या. १२३४ घेतला तर तीन वजाबाक्यांत ६१७४. २५८० घेतला तर पाच वजाबाक्यांत ६१७४. कितीही अवघड नंबर घेतला तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात.

या आकड्याला जगभरात कापरेकर स्थिरांक म्हणतात. तो शोधणारा माणूस कुठल्या मोठ्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे ते मास्तर होते. नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

डहाणू ते देवळाली

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. वडील कारकून. पण त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आलीच. मुलाला आकड्यांची गोडी लागली ती घरातूनच. आठ वर्षांचे असताना आई गेली आणि वडिलांनीच त्यांना वाढवलं.

शाळा ठाण्यात झाली आणि पुढचं शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. हे बक्षीस विद्यार्थ्याच्या स्वतंत्र कामासाठी दिलं जायचं. १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढचं उच्च शिक्षण काही झालं नाही. १९३० मध्ये ते देवळालीला शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ पर्यंत तिथेच शिकवत राहिले.

शाळा सुटली की त्यांचा दुसरा उद्योग सुरू व्हायचा, आकड्यांशी खेळण्याचा. रोजच्या वापरातल्या साध्या आकड्यांत त्यांना असं काही दिसायचं, जे बाकीच्यांच्या नजरेतून सुटलेलं असायचं.

उदाहरणार्थ ४५. याचा वर्ग २०२५. आता २०२५ मधून २० आणि २५ वेगळे करा आणि त्यांची बेरीज करा. परत ४५. अशा आकड्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. ज्या आकड्याला त्याच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, त्याला त्यांनी हर्षद हे नाव दिलं, म्हणजे आनंद देणारा. १८ घ्या. एक आणि आठची बेरीज नऊ, आणि नवाने अठराला भाग जातो. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला १७२९ हाही हर्षदच. कापरेकरांनी आणखी एका प्रकारच्या आकड्यांना डेम्लो हे नाव दिलं होतं. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली स्टेशन. त्या आकड्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली होती.

हा खेळ आहे, गणित नाही, असं तेव्हाच्या बऱ्याच गणितज्ञांचं मत होतं. मोठ्या नियतकालिकांत या कामाला फारशी जागा मिळेना. कापरेकरांनी मग लहान नियतकालिकांत लिहिलं आणि पुस्तिका स्वतः छापून काढल्या. साधे कपडे घालून ते गणिताच्या परिषदांना जायचे आणि आपले शोध मांडायचे. लोक त्यांना गणितानंद म्हणायचे.

१९४९ साली त्यांना ६१७४ सापडला. तेव्हा अख्ख्या भारतात एकही डिजिटल संगणक नव्हता, सगळी आकडेमोड हाताने. १९५५ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यावर लिहिलं. तरी नाव व्हायला अजून वीस वर्षं लागली. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाबद्दल लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं.

पण तोवर ते निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. पेन्शनवर भागत नव्हतं. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. ज्यांच्या नावाचा स्थिरांक जगभरातले लोक पुढे शिकणार होते, त्यांना म्हातारपणी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन दिवस काढावे लागले.

दहा हजारांचे चोपन्न कसे होतात

आता प्रश्न असा की, सगळे रस्ते ६१७४ लाच का जातात?

सुरुवात ०००० पासून धरली तर चार आकडी नंबर एकूण १०,०००. त्यातले सारखे आकडे असलेले दहा काढले की उरतात ९,९९०. खूप वाटतात ना? पण पहिल्याच वजाबाकीत गंमत होते. उत्तर काय येणार ते फक्त दोन गोष्टींवर ठरतं. एक, सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातला फरक. दोन, मधल्या दोन आकड्यांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा आणि बेरीज करा. वजाबाकीचं उत्तर तयार. १९९८ चं करून बघा. आठ गुणिले ९९९ आणि एक गुणिले ९०. उत्तर ८०८२.

आता हे दोन फरक किती प्रकारांनी येऊ शकतात? फक्त ५४. म्हणजे ९,९९० वेगवेगळे नंबर पहिल्याच पायरीला ५४ उत्तरांत कोंबले जातात. पुढच्या पायऱ्यांना ते अजून कमी होत जातात आणि शेवटी एकटा ६१७४ उरतो.

यातला धडा साधा आहे. नंबर दहा हजार असले तरी त्यामागचा नियम कळला की दहा हजारांचे चोपन्न व्हायला एक पायरी पुरते. आणि नेमकं हेच तुमच्या पिनच्या बाबतीतही होतं.

चार आकडी पिन आला कुठून

जगातल्या पहिल्या कॅश मशीनपैकी एक २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेत सुरू झालं. ते जॉन शेफर्ड-बॅरन यांनी तयार केलं होतं. त्यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांना पिन सहा आकडी ठेवायचा होता, पण त्यांच्या पत्नी कॅरोलाइन यांनी आपल्या लक्षात चारच आकडे राहतात असं सांगितलं आणि पिन चार आकडी झाला, असा किस्सा ते स्वतः सांगायचे. पिनच्या शोधाचं श्रेय स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांनाही दिलं जातं. त्यांनी १९६६ मध्येच त्याचं पेटंट मागितलं होतं.

कापरेकर १९८६ साली देवळालीत गेले. त्यानंतरच्या वर्षी, १९८७ मध्ये, एचएसबीसी बँकेने मुंबईत भारतातलं पहिलं एटीएम बसवलं. चार आकड्यांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला एटीएमचा चार आकडी पिन काही वापरायला मिळाला नाही. आज मात्र जुन्नर तालुक्यातलं बोरी बुद्रुक असो की मुंबईतलं बोरिवली, किराणा दुकानात क्यूआर कोड लावलेला असतो आणि शेतकऱ्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे दिवसातून दहा वेळा चार किंवा सहा आकडे दाबत असतात.

चार आकड्यांचा पिन म्हणजे दहा हजार शक्यता. संगणकाला हे सगळे तपासायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणूनच काही वेळा पिन चुकला की बँक कार्ड बंद करते. तुमचं रक्षण चार आकडे जितकं करतात, त्याहून जास्त ही मोजक्या प्रयत्नांची मर्यादा करते.

पण आपण काय करतो? आपणच चोराचं काम सोपं करतो. पिन म्हणून जन्मसाल ठेवलं तर १९५० ते २००९ धरून शक्यता उरतात फक्त ६०. म्हणजे कापरेकरांच्या पहिल्या वजाबाकीनंतर उरतात साधारण तेवढ्याच. लग्नाची किंवा वाढदिवसाची तारीख आणि महिना ठेवला तर ३६६. आणि ती तारीख फेसबुकवर असेल तर उरते एकच. २५८० हा तर कीपॅडवरचा मधला सरळ रकाना, बोट आपोआप तिकडे जातं.

२०१२ साली निक बेरी या डेटा अभ्यासकाने वेळोवेळी फुटलेल्या पासवर्डांमधले ३४ लाख चार आकडी पासवर्ड तपासले होते. त्यात १२३४ हा एकटाच सुमारे ११ टक्के निघाला. म्हणजे दर नऊ जणांमागे एक.

पुढे जाता येतं, मागे फिरता येत नाही

कापरेकरांचा अजून एक खेळ इथे कामाला येतो. एखाद्या आकड्यात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. २४ मध्ये ६ मिळवले की ३०. पुढे जाणं एकदम सोपं. पण उलटं विचारलं, की १०१ हा कुठून आला? तर ९१ पासूनही येतो आणि १०० पासूनही. नक्की कुठून आला ते सांगता येत नाही. आणि २० हा तर कुठल्याच आकड्यापासून येत नाही. अशा विनाजनक आकड्यांना कापरेकरांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या म्हटलं.

पुढे जाणं सोपं आणि मागे फिरणं अवघड, याच कल्पनेवर पासवर्ड साठवण्याची पद्धत उभी आहे. तिला हॅशिंग म्हणतात. ती कापरेकरांनी शोधली नाही आणि तिचं गणित फार वेगळं आहे, पण समजून घ्यायला त्यांचा खेळ चांगला. नीट चालवलेली वेबसाइट तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. त्यावर प्रक्रिया करून आलेलं उत्तर ठेवते. तुम्ही पुन्हा लॉगइन केलं की तीच प्रक्रिया पुन्हा होते आणि दोन उत्तरं जुळवली जातात.

मग ६१७४ ची पद्धत कुलूप म्हणून वापरली तर? सगळं बोंबलेल. कुठलाही पिन टाका, उत्तर तेच, त्यामुळे प्रत्येक किल्लीने कुलूप उघडेल. दोन वेगळ्या गोष्टींचं उत्तर एकच येणं हा हॅशिंगमधला मोठा धोका. २०१७ साली गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी शा-वन या जुन्या पद्धतीत अशी टक्कर प्रत्यक्ष घडवून दाखवली. ती पद्धत आता बाद धरली जाते.

पिनसाठी बँकांची पद्धत थोडी वेगळी असते, पण तुमच्यासाठी अर्थ तोच. तुमचा पिन बँकेच्या कर्मचाऱ्याला स्क्रीनवर दिसत नाही आणि त्याला तो लागतही नाही. त्यामुळे फोनवर कोणी पिन किंवा ओटीपी विचारला, तर तो बँकेचा माणूस नाही. केवायसी संपलंय म्हणू दे, नाहीतर लाइट कट होणार म्हणू दे. दुसरं म्हणजे, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो पैसे द्यायला लागतो. पैसे येणार आहेत, पिन टाका असं कोणी म्हटलं की पैसे जाणार आहेत असं समजायचं.

आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे, कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले ते हेच साल.

आजच पाच मिनिटं काढून पिन बदला. जन्मसाल नको, तारीख नको, कीपॅडवरची सरळ रेघ नको. ॲपमध्ये सहा आकड्यांची सोय असेल तर सहा ठेवा, शक्यता दहा हजारांवरून थेट दहा लाखांवर जातात.

आणि हो, हे वाचून ६१७४ पिन ठेवायचा मोह होईल. तोही नको. देवळालीच्या मास्तरांमुळे तो आकडा आता जगाला माहीत झालाय.