विश्लेषण : खेळण्याच्या खोक्यावर रणांगण कोणी आणले? शिगेरू कोमात्सुझाकी कोण होते?

रूप बदलणारा रोबो विकत घेताना एक गंमत असते. १९८४ साली अमेरिकेत ‘ट्रान्सफॉर्मर्स’ बाजारात आले, तेव्हा त्यांतल्या मोटारींच्या खोक्याला प्लास्टिकची पारदर्शक खिडकी होती. खिडकीतून दिसायची ती साधी खेळण्यातली मोटार. तिच्यातून रोबो निघतो, हे कळायचे खिडकीशेजारच्या चित्रावरून. म्हणजे अर्धी वस्तू खोक्यात आणि अर्धी खोक्यावर. मुलाने हट्ट धरायचा तो बहुतेक वेळा चित्रातल्या अर्ध्यासाठी.

हातातले प्लास्टिक दाखवू शकत नाही ते खोक्यावरच्या चित्राने दाखवायचे, ही रीत ट्रान्सफॉर्मर्सच्या खूप आधी जपानमध्ये रुळली होती. ती रुळवण्यात सर्वात मोठा वाटा शिगेरू कोमात्सुझाकी यांचा. त्यांची ख्याती रोबोंसाठी नव्हे, तर रणगाडे, युद्धनौका आणि अवकाशयानांसाठी. तरीही रोबोंच्या खोक्यांपर्यंत जाणारा रस्ता त्यांच्या घरातून जातो.

फुलापाखरांकडून यंत्रांकडे

कोमात्सुझाकी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९१५ रोजी टोकियोच्या मिनामी-सेंजू भागातला. हा कष्टकऱ्यांचा, छोट्या कारखान्यांचा परिसर. त्यांना व्हायचे होते पारंपरिक जपानी शैलीचे चित्रकार. फुले, पक्षी, रेशमावरचे रंग. सुरुवातीचे शिक्षणही तसेच झाले. पण त्या वाटेवर पोट भरणे अवघड होते. मासिकांतल्या कथांना चित्रे काढणारे कोबायाशी हिदेत्सुने तेव्हा लोकप्रिय होते. कोमात्सुझाकी त्यांच्या हाताखाली गेले आणि १९३८च्या सुमारास स्वतःची चित्रे छापून येऊ लागली. याच तरुण वयात ते गिंझा, असाकुसा भागांत हिंडून रस्त्यांची, दुकानांची रेखाटने करत. पुढे ही रेखाटने पुस्तकरूपाने आली. तोवर त्यांतले बरेचसे टोकियो उरलेले नव्हते.

युद्धाने त्यांना यंत्रांकडे ओढले. ‘किकाइका’, म्हणजे यांत्रिकीकरण, या नावाच्या मासिकात भविष्यातल्या शस्त्रांची चित्रे येत. अजून कोणी बांधलेली नाहीत अशी ही यंत्रे जणू उद्या कारखान्यातून बाहेर पडणार आहेत, अशा खात्रीने रंगवायची असत. कोमात्सुझाकी यात तरबेज झाले. पोलादाच्या पत्र्यावरचे रिव्हेट, साखळीपट्ट्यावरचा चिखल, तोफेच्या तोंडाशी हललेली हवा असे तपशील इतके खरे की मूळ यंत्रच खोटे आहे, हे विसरायला व्हावे. हे काम प्रचाराचे होते, हे सांगायला हवे. त्या मासिकाचे वाचक मुले आणि तरुण होते आणि देश त्यांना आघाडीवर पाठवण्याच्या तयारीत होता. मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात टोकियोच्या पूर्व भागाची राख झाली. कोमात्सुझाकी याच बाजूला वाढलेले.

शस्त्रे गेली, अवकाश आले

पराभवानंतर अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये युद्धाची चित्रे छापणे शक्य नव्हते. कोमात्सुझाकींनी तेच कसब दुसरीकडे वळवले. १९४८ मध्ये त्यांची ‘चिक्यू एसओएस’ ही चित्रकथा सुरू झाली. पृथ्वीवर संकट येते आणि अद्भुत याने झेपावतात, असा तिचा मामला. पाठोपाठ १९५० मध्ये अमेरिकी माळरानावरची ‘दाइहेइगेन्जी’ आली. या कथांना ‘एमोनोगातारी’ म्हणत. मोठे चित्र आणि खाली मजकूर, असा कॉमिक आणि कादंबरी यांच्या मधला हा प्रकार. टंचाईच्या त्या काळात मुलांनी या मासिकांवर उड्या घेतल्या आणि कोमात्सुझाकी घराघरांत पोचले.

पन्नाशीच्या दशकात वेगवान कॉमिकने या चित्रकथांना मागे टाकले. कोमात्सुझाकी मात्र मागे पडले नाहीत, कारण त्यांचे एक चित्र पानभर कथेचे काम करत असे. मुलांच्या मासिकांची रंगीत पाने त्यांच्याकडेच येत. तोहो या चित्रपटसंस्थेनेही त्यांना बोलावले. १९५७चा ‘चिक्यू बोएइगुन’ आणि १९५९चा ‘उचू दाइसेन्सो’ या चित्रपटांतल्या यंत्रांच्या कल्पना रेखाटण्यात त्यांचा हात होता. १९६३च्या ‘काइतेई गुनकान’मधली गोतेंगो ही पाणबुडीही त्यांचीच. नाकाला गिरमिट असलेली ही पाणबुडी पाण्यात चालते, जमीन पोखरते आणि आकाशात उडते. एकाच यंत्रात तीन यंत्रे ही कल्पना पुढच्या पिढीतल्या खेळण्यांचे बीज वाटावी अशी आहे.

एका रणगाड्याने काय बदलले?

शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी मुळात लाकडाचा धंदा करणारी. तिथून ती लाकडी मॉडेलकडे वळली. परदेशी प्लास्टिक किट आल्यावर लाकूड कोणी विचारेना. १९६० साली तामियाने यामातो या युद्धनौकेची पहिली प्लास्टिक किट काढली. साचे महाग, आणि त्यात प्रतिस्पर्ध्याने तीच नौका कमी किमतीत बाजारात आणली. कंपनी अडचणीत आली. पुढची किट चालली नाही तर संपलेच, अशी अवस्था.

पुढची किट होती जर्मनीच्या पँथर रणगाड्याची. तिची दोन वैशिष्ट्ये पुढे इतिहास ठरली. पहिले, तिचे १:३५ हे प्रमाण. त्यामागे काही शास्त्र नव्हते. मोटर आणि सेल पोटात मावतील एवढा रणगाडा करायचा होता, त्यातून हा आकडा निघाला. आज जगभरातल्या लष्करी मॉडेलचे ते मान्य प्रमाण आहे. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे खोके. कंपनीचे शुन्साकु तामिया लहानपणापासून कोमात्सुझाकींची चित्रे पाहत वाढले होते. या खोक्यासाठी त्यांनी थेट त्यांनाच विनंती केली. एवढ्या नावाजलेल्या चित्रकाराने डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीचे काम घ्यावे, याला धंद्याच्या दृष्टीने फारसा अर्थ नव्हता. त्यांनी ते घेतले.

किट बाजारात आली आणि धो धो खपली. कारण समजायला दुकानात उभे राहून पाहिले पाहिजे. किटच्या खोक्यात असतात चौकटींना चिकटलेले एकरंगी प्लास्टिकचे तुकडे. त्यांत पाहण्यासारखे काही नाही, आणि खोके उघडूनही देत नाहीत. मुलापुढे असते फक्त झाकण. कोमात्सुझाकी झाकणावर रणगाडा आडवा, शांत उभा करत नसत. तो खालून दिसायचा, पाहणाऱ्याच्या अंगावर येणारा. मागे आग, धूर, तांबूस आकाश, उडालेली माती. तुकडे जोडल्यावर तयार होतो वीतभर रणगाडा. झाकण मात्र मुलाला त्या रणगाड्यासमोर नेऊन उभे करत असे. आपण काय जोडणार आहोत, हे मूल घरी नेत असे ते चित्रातून.

पुढे त्यांनी तामियाच्या आणखी अनेक किटची खोकी रंगवली. इतर कंपन्याही रांगेत आल्या.

इथे एक अवघड प्रश्न उरतोच. साठच्या दशकात जपानी मुलांच्या मासिकांत युद्धकथांची लाट आली होती. पराभूत देशाची मुले यामातो आणि झीरो विमाने यांच्या रंगीत चित्रांवर वाढत होती. खोक्यांवरच्या या युद्धात आग आहे, धूर आहे. माणसे मरताना सहसा दिसत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी याच हाताने युद्धासाठी चित्रे काढली होती. आता युद्ध हे खेळणे झाले होते. याला विसर म्हणायचे की सुटका, यावर दोन मते होऊ शकतात. कोमात्सुझाकींच्या चित्रांतल्या यंत्रांबद्दलच्या प्रेमात मात्र तिन्ही काळांत फरक दिसत नाही, आणि हीच गोष्ट थोडी अस्वस्थ करते.

थंडरबर्ड्स आणि न झालेले युद्ध

त्यांच्या खोक्यांतला सर्वात लाडका संच युद्धाचा नाहीच. ब्रिटनमधली ‘थंडरबर्ड्स’ ही बाहुल्यांची मालिका १९६६ मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीवर सुरू झाली. तिच्यातली याने कोणावर हल्ला करत नाहीत, संकटातल्यांना वाचवतात. इमाई कंपनीने त्यांच्या किट काढल्या आणि खोकी कोमात्सुझाकींकडे दिली. हिरवे, पोटफुगे थंडरबर्ड-२ हे त्यांतले राजे. त्याचे पोट सुटे होऊन खाली राहते आणि त्यातून दुसरे वाहन निघते. पूर, वणवा, कोसळणारे पूल असे सगळे नाट्य इथेही होते, फक्त कोणी शत्रू नव्हता. किटची विक्री प्रचंड झाली.

पण एका लाटेवर उभी राहिलेली कंपनी लाट ओसरल्यावर टिकत नाही. १९६९ मध्ये इमाई कोसळली. तिचा कारखाना आणि बरेचसे साचे बंदाईने घेतले आणि त्यातून बंदाईचा किटचा धंदा उभा राहिला. १९८० साली ‘गुंडम’ रोबोंच्या किटने जपान वेडा केला, तो याच धंद्यातून. इमाई पुढे लहान स्वरूपात पुन्हा उभी राहिली. तिचे नाव थोड्याच वेळात परत येईल.

खोक्यावरचा धूर कोणी पुसला?

किट परदेशी जाऊ लागल्या तशी नवी तक्रार आली. चित्रात पाच विमाने आणि डब्यात एक, हे कसे? खोक्यावर आहे ते आत असले पाहिजे, असा ग्राहकांचा आग्रह वाढला. साठच्या दशकाच्या अखेरीस तामियाने पांढऱ्या पार्श्वभूमीची खोकी आणली. त्यावर फक्त रणगाडा किंवा सैनिक, बाकी कोरे. जुनी चित्रे पुन्हा वापरताना मागची जादा विमाने, स्फोट रंगाखाली झाकले गेल्याचीही उदाहरणे आहेत.

पांढरे खोके प्रामाणिक होते, देखणेही होते. मोठ्या वयाच्या, हौशी ग्राहकाला ते आवडले. पण कोमात्सुझाकींच्या चित्राने आत पाच विमाने आहेत असा दावा कधी केलाच नव्हता. ते सांगत होते की हे एक विमान हातात आल्यावर तुला काय काय दिसेल. हा फरक मुलांना बहुधा कळत होता.

रोबोंना नाट्य परत का लागले?

कोमात्सुझाकींचे घर म्हणजे एक शाळाच होती. अनेक शिष्य त्यांच्याकडे राहून शिकले. त्यांतले ताकानी योशियुकी पुढे स्वतः मोठे नाव झाले. १९८२ मध्ये ‘मॅक्रॉस’ ही मालिका आली. तिच्यातले व्हाल्किरी हे लढाऊ विमान आधी पाय काढते, मग पूर्ण रोबो होते. तिच्या किट काढल्या आरिई आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या इमाईने, आणि त्यांतली अनेक खोकी रंगवली ताकानींनी. सुरुवातीच्या बऱ्याच किट रूप बदलत नसत. विमान वेगळे, रोबो वेगळा. बदल घडायचा तो चित्रात. ताकानींनी रोबोला रणगाड्यासारखे वागवले. घासलेला रंग, काजळी, वजन असे सगळे त्यात होते. गुरूचे ते तपशील इथे सरळ ओळखू येतात.

त्याच काळात ताकारा कंपनीचे डायाक्लोन आणि मायक्रोमॅनमधले रूप बदलणारे रोबो हॅस्ब्रोने अमेरिकेत नेले आणि त्यांचे ट्रान्सफॉर्मर्स झाले. १९८५चा त्यांचा जेटफायर तर मुळात मॅक्रॉसच्या व्हाल्किरीचेच, ताकातोकु कंपनीचे खेळणे. हॅस्ब्रोने खोक्यांसाठी नवी चित्रे करून घेतली. समोर चकचकीत एकटा रोबो, मागे फक्त रेघांची जाळी; हे पांढऱ्या खोक्याचे चुलत भावंड म्हणावे असे. खोके उलटे केले की मात्र पूर्ण मागच्या बाजूवर दोन फौजांची तुंबळ लढाई. एकाच खोक्यावर दोन्ही मते गुण्यागोविंदाने नांदत होती. ट्रान्सफॉर्मर्सच्या चित्रकारांवर कोमात्सुझाकींचा थेट प्रभाव होता, असे म्हणायचे कारण नाही. पण दोन रूपे असलेले खेळणे एका वेळी एकच रूप दाखवू शकते. तिथे नुसते आत आहे ते दाखवून भागत नाही.

या चित्रकारांची नावे खोक्यांवर नसत. ट्रान्सफॉर्मर्सच्या खोक्यांवरील चित्रांचा मोठा संग्रह पुस्तक म्हणून निघायला २०१४ साल उजाडले.

मूळ चित्रांचे काय झाले?

खोक्यासाठीचे चित्र म्हणजे छपाईचा कच्चा माल, अशीच बराच काळ समजूत होती. छापून झाले की ते कंपनीत पडून राही, हरवे किंवा चित्रकाराकडे परत येई. कोमात्सुझाकींकडे आयुष्यभराचा असा साठा चिबा प्रांतातल्या काशिवा येथील घरात होता. १९९५ मध्ये त्या घराला आग लागली. घर आणि चित्रशाळा दोन्ही गेले आणि त्याबरोबर बहुतेक मूळ चित्रे, संदर्भ, रेखाटनेही. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. त्यानंतरही त्यांनी कुंचला खाली ठेवला नाही.

७ डिसेंबर २००१ रोजी वयाच्या ८६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शिष्य नेमोतो केइसुके यांनी त्यांच्या कामाची जुळवाजुळव करून पुस्तके काढली. त्यासाठी आधार झाला तो कंपन्यांत, प्रकाशकांकडे आणि इतरांकडे राहिलेल्या थोड्या मूळ चित्रांचा, आणि छापील झाकणांचा. साठच्या दशकातल्या त्या झाकणांना आज संग्राहक चांगली किंमत देतात, आतली किट नसली तरी.