विश्लेषण : पीएच.डी. अर्धवट राहिलेल्या रेचल कार्सन पर्यावरण चळवळीच्या प्रणेत्या कशा ठरल्या?

डीडीटीसारख्या कीटकनाशकांच्या बेसुमार वापराचे धोके सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकाच्या लेखिका रेचल कार्सन. त्यांच्याकडे ना पीएच.डी. होती, ना विद्यापीठातले पद, ना स्वतःची प्रयोगशाळा. घर चालवण्यासाठी धरलेली सरकारी नोकरीच त्यांच्या कार्याचा पाया ठरली.

इंग्रजीकडून जीवशास्त्राकडे कशा वळल्या?

कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल गावी झाला. लेखनाची आवड लहानपणापासूनची. कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला तो इंग्रजी विषयासाठी. मात्र प्राध्यापिका मेरी स्किंकर यांच्या शिकवण्याने त्या जीवशास्त्राकडे ओढल्या गेल्या आणि १९२९ मध्ये त्याच विषयात पदवीधर झाल्या. त्याच उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत त्यांना समुद्र जवळून अभ्यासता आला.

पीएच.डी. का सुटली?

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी १९३२ मध्ये प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. पीएच.डी. करायची होती, पण तो महामंदीचा काळ होता. घरच्या ओढाताणीमुळे १९३४ मध्ये शिक्षण सोडावे लागले. पुढच्याच वर्षी वडील गेले. १९३७ मध्ये थोरल्या बहिणीचे निधन झाले आणि आईसोबत दोन भाच्यांचीही जबाबदारी त्यांच्यावर आली.

सरकारी नोकरीत काय गवसले?

मत्स्य विभागासाठी सागरी जीवनावर रेडिओची संहिता लिहिण्याचे काम त्यांना आधी मिळाले. १९३६ मध्ये परीक्षा देऊन त्या तिथेच कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ झाल्या. विभागाच्या पुस्तिकेसाठी लिहिलेला मजकूर वरिष्ठांना सरकारी कामासाठी फारच साहित्यिक वाटला. तो मासिकाकडे पाठवा, असे त्यांनीच सुचवले. १९३७ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त तो लेख आला आणि पुस्तकांची वाट मोकळी झाली.

दिवसा शास्त्रज्ञांचे अहवाल वाचायचे, सोप्या भाषेत मांडायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचे लेखन करायचे, असे त्यांनी अनेक वर्षे केले. १९४१ मधले पहिले पुस्तक महायुद्धाच्या धामधुमीत फारसे खपले नाही. १९४९ मध्ये त्या प्रकाशन विभागाच्या मुख्य संपादक झाल्या. १९५१ च्या ‘द सी अराउंड अस’ने मात्र खपाचे विक्रम केले. आर्थिक चिंता मिटल्यावर, १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

‘सायलेंट स्प्रिंग’ कसे घडले?

डीडीटीच्या दुष्परिणामांविषयीचे सरकारी संशोधन कार्सन यांच्या नजरेखालून गेले होते. १९४५ मध्येच त्यांनी एका मासिकाला त्यावर लेख सुचवला, पण तो नाकारला गेला. १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका मैत्रिणीने फवारणीनंतर पक्षी मेल्याचे कळवले आणि त्यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला.

कीटकनाशकांविषयीची माहिती वेगवेगळ्या क्षेत्रांत विखुरलेली होती. पक्षीतज्ज्ञांकडे एक भाग, रसायनशास्त्रज्ञांकडे दुसरा, डॉक्टरांकडे तिसरा. कार्सन यांनी हे दुवे जोडले. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकचे उदाहरण त्यांनी दिले. तिथे चिलटे मारण्यासाठी डीडीटीच्या जातकुळीतले डीडीडी हे रसायन पाच कोटी भाग पाण्यात एक भाग इतक्या अल्प प्रमाणात सोडले होते. पण ते शेवाळ-प्लवकांतून माशांत आणि माशांतून ग्रीब या पाणपक्ष्यांत साठत गेले. मेलेल्या पक्ष्यांच्या चरबीत त्याचे प्रमाण दहा लाखांत १६०० भागांपर्यंत आढळले.

हे काम चालू असतानाच आईचे निधन झाले. अनाथ झालेल्या नातवाला, म्हणजे भाचीच्या मुलाला त्यांनी आधीच दत्तक घेतले होते. १९६० मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. टीकाकारांच्या हाती आयते कारण मिळू नये म्हणून आजार त्यांनी लोकांपासून लपवून ठेवला.

टीकेला कसे तोंड दिले?

सप्टेंबर १९६२ मध्ये पुस्तक आले आणि रसायन उद्योग खवळला. पीएच.डी. नसणे, स्त्री असणे, अविवाहित असणे, असे सारेच मुद्दे टीकेसाठी वापरले गेले. कार्सन यांनी सर्व कीटकनाशकांवर बंदी मागितली नव्हती. परिणाम न तपासता होणाऱ्या सरसकट फवारणीला त्यांचा विरोध होता. प्रत्येक विधानाचा आधार सांगणारी पन्नासहून अधिक पानांची संदर्भसूची त्यांनी जोडली होती. अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने मे १९६३ मध्ये त्यांच्या म्हणण्याला बहुतांशी दुजोरा दिला. जूनमध्ये, आजार बळावलेला असतानाही, त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली.

पुढे काय झाले?

१४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी कार्सन यांचे निधन झाले. १९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि १९७२ मध्ये शेतीसाठी डीडीटीच्या वापरावर बंदी आली. हे दोन्ही निर्णय पाहायला त्या नव्हत्या. पण त्या निर्णयांमागचे जनमत घडवण्यात, सरकारी टेबलावर अहवाल वाचता-लिहिताना कमावलेल्या त्यांच्या कौशल्याचा मोठा वाटा होता.