सांगणारे तुम्ही कोण?

कारखान्यात नवा सेफ्टी ऑफिसर आला की आठवड्याभरात त्याच्या नावाने एक प्रश्न फिरू लागतो. कधी तोंडावर, बहुधा कँटीनमध्ये पाठीमागे. आम्ही वीस वर्षे हे मशीन चालवतो, मग हात कुठे ठेवायचा हे शिकवणारा हा कोण? याचे शिक्षण काय? मी केडगावचा. पुणे रस्त्यालगतच्या आमच्या या उपनगरातून नगर शहर ओलांडून नागापूरच्या एमआयडीसीत पाळ्या करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. हा प्रश्न मी कितीदा ऐकला असेल, त्याची गणती नाही. साहेबलोकांना त्यात उद्धटपणा दिसतो. मला मात्र तो ऐकला की नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. कारण हाच प्रश्न त्यांनाही विचारला गेला होता, आणि तोही सरकारी कागदावर.

लोखंड्यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, फुलमाळी. शिक्षण मॅट्रिकच्या आसपास थांबले. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. गिरणीतली ही जागा मोठी नव्हे. पण ज्याने कारखाना पाहिला आहे त्याला तिचे मोल कळेल. कुठले यंत्र वारंवार मोडते, कुठल्या खात्यात काय संपते, हे स्टोअरच्या खिडकीत बसल्याबसल्या कळते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांत वाढलेल्या या माणसाने त्या खिडकीतून गिरणी वाचली, असे मला वाटते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० मध्ये लोखंड्यांनी मुंबईत आणले आणि अखेरपर्यंत चालवले.

तेव्हाची गिरणी म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुख्यतः मुलांसाठी होता. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, धोक्याच्या यंत्रांना कठडे घालावेत आणि अपघात कळवावेत, इतकेच त्यात होते. तोही शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना. जिथे वेगळा तपासनीस नाही तिथे जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेटच तपासनीस. महसुलाच्या कामात बुडालेला हा अधिकारी यंत्राच्या पट्ट्याजवळ कितीदा जाणार आणि साच्यावरच्या माणसाशी काय बोलणार?

१८८४ मध्ये सरकारने फॅक्टरी कमिशन नेमले. लोखंड्यांनी त्या सप्टेंबरात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. मागण्या मोजक्या होत्या : रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. पाचवी मागणी आपल्या विषयाची. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा जायबंदी झाला त्याच्या पोटाची सोय व्हावी.

अर्ज पडून राहिला, पण माणूस मागे हटला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या नव्या फॅक्टरी कमिशनवर मुंबईच्या कामकाजापुरते लोखंड्यांना घेण्यात आले. १८९१ च्या सुधारित कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली.

आणि मग तो प्रश्न आला. १८९२ च्या कारखानेविषयक सरकारी अहवालात नोंद झाली, की लोखंडे स्वतःला संघटनेचे अध्यक्ष म्हणवतात खरे, पण संघटनेला ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियम. हा गृहस्थ आपल्याकडे येणाऱ्या कामगाराला फुकटचा सल्ला देतो, एवढेच. थोडक्यात, यांचा अधिकार काय?

नोंद खोटी नव्हती. वर्गणीदारांची यादी खरोखरच नव्हती. पण सरकारने अर्धीच तपासणी केली. मैदानावर आलेले दहा हजार आणि अर्जावरच्या साडेपाच हजार सह्या हेही प्रमाणपत्रच होते. ते वाचायची रीत दफ्तराला ठाऊक नव्हती. उलट त्या मॅजिस्ट्रेट-तपासनिसाचे कागद चोख होते, पण साच्यावरचा माणूस त्याला ओळखत नव्हता. अधिकाराची दोन अंगे असतात, एक कागदाचे आणि एक विश्वासाचे.

आजच्या नियमांत ही दोन्ही अंगे आहेत, हे फारसे कुणी सांगत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९७६ साली सुरक्षा अधिकाऱ्याचे कलम आले, हजार कामगारांच्या कारखान्यांसाठी. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने ती संख्या पाचशेवर आणली, धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशेवर. महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांनी या अधिकाऱ्याकडून तांत्रिक शिक्षण, कारखान्यातला अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची पदविका मागितली; शिवाय बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला यायला हवी, असेही म्हटले. म्हणजे शिक्षण विचारणारा कामगार कायद्याचाच प्रश्न विचारत असतो.

आमच्या कारखान्यात एकदा हे घडताना मी पाहिले. पॉवर प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावरच चालतो, म्हणजे हात साच्याखाली जात नाही. उत्पादन वाढावे म्हणून कुणी एक बटण फळकुट ठोकून दाबून ठेवायचे. नव्या तरुण अधिकाऱ्याने ती फळकुटे काढली आणि लगेच त्याची डिग्री निघाली. पर्सोनेलवाले मेमो द्यायला निघाले होते. त्या मुलाने मेमो थांबवले. आपल्या पदविकेची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लावली, युनियनच्या दोघांना मूळ कागद दाखवले आणि शंका असेल तर सेफ्टी कमिटीत विचारा म्हणाला. मात्र चौकशी संपेपर्यंत फळकुटे परत बसणार नाहीत, हेही स्पष्ट केले. पुढचा आठवडाभर तो तिन्ही पाळ्यांत प्रेसशेजारी उभा राहिला. एका बटणावर काम का वाढते, हे त्याने ऑपरेटरकडूनच समजून घेतले आणि मालाची ट्रे जवळ आणून दिली.

विचारणाऱ्याला शिक्षा केली की पुढच्या वेळी खरा भोंदू आला तरी कुणी तोंड उघडत नाही. आणि माणसाविषयी शंका आहे म्हणून यंत्राचा कठडा काढला, तर तुटणारे बोट शंका घेणाऱ्याचेच असते. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

लोखंड्यांना १८९५ मध्ये रावबहादूर किताब मिळाला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईत प्लेग पसरलेला असताना, त्या रोगानेच ते गेले. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा १९२३ साली झाला, त्यांच्या मागणीनंतर एकोणचाळीस वर्षांनी. २००५ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. ज्यांच्या संघटनेला सभासदांची यादी नव्हती, त्यांचे नाव आज परळच्या सरकारी श्रमविज्ञान संस्थेवर आहे. कारखान्यात सुरक्षा शिकवायला निघालेल्या प्रत्येक तरुणाने एकदा त्या पाटीसमोर उभे राहावे, आणि कागद खिशात ठेवूनच राहावे.